मोमोए यामागुची: एकविसाव्या वर्षी खाली ठेवलेला माइक

५ ऑक्टोबर १९८०. टोकियोच्या निप्पॉन बुडोकानमध्ये शेवटचं गाणं संपलं. जपानची लाडकी गायिका मोमोए यामागुचीने हातातला पांढरा माइक अलगद रंगमंचावर ठेवला आणि पाठ फिरवून ती चालू लागली. वय अवघं एकवीस. निवृत्तीनंतर ती गायला परत आलीच नाही.

हा निरोप जपानला इतका चटका का लावून गेला, ते कळायला थोडं मागे जावं लागतं. १९७१मध्ये तिथल्या दूरचित्रवाणीवर ‘स्टार तान्जो’ ही नवे गायक हेरणारी स्पर्धा सुरू झाली. शाळकरी मुलींना ‘आयडॉल’, म्हणजे चाहत्यांच्या लाडक्या पॉप तारका, म्हणून घडवण्याची रीत या स्पर्धेने पक्की केली. योकोसुका या नौदलाच्या बंदरगावात, आईच्या एकटीच्या कष्टांवर वाढलेली मोमोए १९७२च्या डिसेंबरमध्ये या स्पर्धेत दुसरी आली. पुढच्या मे महिन्यात पहिली रेकॉर्ड निघाली, पण ती बेताचीच चालली. मग चौदा वर्षांच्या या मुलीच्या तोंडी वयाला न शोभणाऱ्या सूचक ओळी दिल्या गेल्या आणि त्या खपल्या. तिच्या कीर्तीचा पाया असा घातला गेला, हे मला आजही खुपतं.

म्हणूनच १९७६ साल मला मोलाचं वाटतं. तिने स्वतः आग्रह धरला आणि योको आकी व र्‍यूदो उझाकी या दाम्पत्याकडून गाणी आली. आकीही योकोसुकातच वाढलेली. त्यांच्या ‘योकोसुका स्टोरी’ या गाण्यापासून लाजरी मुलगी मागे पडली आणि ताठ मानेने उत्तर देणारी तरुणी गाऊ लागली. १९७८च्या ‘प्लेबॅक पार्ट २’मध्ये ती लालभडक पोर्श चालवते. एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर मात्र जाहिरात नको म्हणून ‘पोर्श’च्या जागी नुसतं ‘गाडी’ म्हणावं लागलं. त्याच वर्षी, एकोणिसाव्या वर्षी, एनएचकेच्या वर्षअखेरीच्या गानमैफलीत स्त्रियांच्या संघाचं शेवटचं, मानाचं गाणं तिच्याकडे आलं.

तोमोकाझू मिऊरा तिचा पडद्यावरचा जोडीदार. यासुनारी कावाबातांच्या कथेवरच्या १९७४च्या चित्रपटात दोघं प्रथम एकत्र आले. आयडॉलने प्रेमाची कबुली देणं म्हणजे धंद्यावर पाणी सोडणं, असा तो काळ. तरीही ऑक्टोबर १९७९मध्ये ओसाकाच्या मंचावरून तिने मिऊरावरचं प्रेम चाहत्यांना सांगून टाकलं. काही महिन्यांतच लग्न आणि निवृत्ती, दोन्ही जाहीर झाली. संसारासाठी कला सोडली, असं तिच्याबद्दल सर्रास म्हणतात. मला त्यात आधी दिसते ती स्वतःच्या आयुष्याचा निर्णय स्वतः घेणारी मुलगी.

मधल्या काळात ती कापडाचे तुकडे जोडून गोधड्या शिवत राहिली. २०१९मध्ये त्या गोधड्यांचं पुस्तक निघालं. त्यावर नाव होतं, मोमोए मिऊरा.