मिशनच्या शाळेत प्रवेश घ्यायचाय? पात्रता, कागदपत्रं आणि फॉर्ममधल्या दोन जागा

आरटीईचे फॉर्म सुटायच्या दिवसांत हा प्रश्न हमखास येतो: "सर, मिशनच्या शाळेत आरटीईतून नंबर लागन का?" नाही लागत. आरटीई म्हणजे २००९ चा शिक्षण हक्क कायदा. पण सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी प्रमती प्रकरणात दिलेल्या निकालानुसार तो अल्पसंख्याक शाळांना, त्या अनुदानित असोत की विनाअनुदानित, लागू होत नाही. त्यामुळे अल्पसंख्याक दर्जा असलेल्या ख्रिस्ती शाळेत २५ टक्क्यांच्या राखीव जागा नसतात. प्रवेश थेट शाळेच्या कार्यालयातून, शाळेच्या नियमाने होतो. तेव्हा आरटीईचा फॉर्म जवळच्या इतर शाळांसाठी जरूर भरा आणि इथला अर्ज वेगळा करा. एकाची वाट पाहताना दुसऱ्याची मुदत निघून जाते.

शाळा ख्रिस्ती संस्थेची असली तरी प्रवेश सगळ्यांना मिळू शकतो. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढून चालवायचा हक्क दिला आहे, म्हणून ख्रिस्ती मुलांना प्राधान्य मिळू शकतं आणि त्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला किंवा चर्चच्या पाळकांचं पत्र मागतात. बाकीच्यांना त्याची गरज नाही. वयाची अट राज्याची: प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला नर्सरीसाठी ३ आणि पहिलीसाठी ६ वर्षं पूर्ण हवीत.

वेळापत्रक आधीच विचारून घ्या. राज्य मंडळाच्या शाळा विदर्भात उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात, तर सीबीएसईच्या शाळांचं सत्र एप्रिलमध्येच सुरू होतं. शेतकरी घराला हा फरक फार जाणवतो. जूनमध्ये बियाणं-खताचा खर्च आणि फी एकाच वेळी अंगावर येते. कापूस-सोयाबीनचा पैसा हातात असतानाच फीचे हप्ते कसे पडतात ते लेखी घ्या. हप्ते पाडून देणाऱ्या शाळा असतात, पण आपण विचारावं लागतं.

आता कागद. जन्म दाखला, आई-वडिलांचं आणि मुलाचं आधार, रहिवासाचा पुरावा, फोटो, लसीकरण कार्ड. वरच्या वर्गासाठी आधीच्या शाळेचा दाखला (टीसी) आणि गुणपत्रक. आरक्षित प्रवर्ग असेल तर जातीचा दाखला, आणि फी सवलत मागायची असेल तर तहसीलदारांचा उत्पन्न दाखला. उत्पन्न दाखल्यासाठी आधी तलाठ्याचा अहवाल घ्या, मग आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज करा. शेवटच्या आठवड्यात तिथे रांग असते.

सगळ्यात जास्त अडतं ते जन्म दाखल्यावर. ग्रामपंचायतीत जन्माची नोंद झालेली असते, पण बाळाच्या नावाची जागा कोरी. ग्रामसेवकाकडे अर्ज करून ते नाव घालता येतं, जन्मनोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत, फक्त वर्ष उलटल्यावर विलंब शुल्क लागतं. दुसरी अडचण स्पेलिंगची. वडिलांचं नाव ज्ञानेश्वर. एका कागदावर ते इंग्रजीत 'डी'ने सुरू होतं, दुसऱ्यावर 'जी'ने. अर्जाआधीच सगळे कागद एकासारखे करा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळा प्रवेशाला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच चालतो. ही लेकरं आता नर्सरीच्या वयाला आली आहेत.

फॉर्ममधल्या दोन जागांवर मात्र घाई करू नका.

पहिली, धर्म आणि जात. फॉर्मवर जे लिहाल तेच शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जातं, तेच टीसीवर उतरतं आणि पुढे जात पडताळणी समिती हीच नोंद मागते. मिशनच्या शाळेत घातलं म्हणून मुलाचा धर्म बदलत नाही, तेव्हा कोणाच्या सांगण्यावरून रकाना कोरा ठेवू नका की वेगळं काही लिहू नका. अनुसूचित जातीच्या पालकांनी तर विशेष जपावं, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. पोटजात जुन्या कागदावर, आजोबांच्या दाखल्यावर जशी आहे अगदी तशीच लिहा. प्रवेश झाल्यावर रजिस्टरमधली नोंद स्वतः वाचून घ्या. मूल शाळेत शिकतंय तोवर दुरुस्ती होते, शाळा सोडल्यावर ती फार जड जाते.

दुसरी जागा, प्रार्थना आणि धर्मशिक्षणाची संमती. संविधानाचं कलम २८(३) सांगतं की शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. सही करायची की नाही हा निर्णय तुमचा. मनात शंका असेल तर मुख्याध्यापकांना समोर बसून विचारा. चांगली शाळा त्याचा राग मानत नाही.

माहितीपत्रकात आता "उत्कृष्ट निकाल" च्या जोडीला "सेवेतून नेतृत्व" हे शब्दही दिसतात. मूळ कल्पना येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्या प्रसंगातली: जो पुढारी, त्याने आधी सेवा करावी. आपल्या भागाला हे नवीन नाही. शेंडगावच्या गाडगेबाबांनी दिवसा गाव झाडलं आणि रात्री कीर्तन केलं. मला ही गोष्ट शाळेत फार मोलाची वाटते, म्हणूनच ती तपासून घ्यावी असं आग्रहाने सांगतो. वर्गाचा मॉनिटर नुसता नावं लिहितो की मागे पडलेल्या पोराला पाढे शिकवतो? वर्ग झाडायची पाळी सगळ्यांना आहे का? दहावीचा निकाल विचाराल तेव्हा नववीत किती मुलं थांबवली तेही विचारा. नुसत्या टक्क्यांवरून शाळा कळत नाही.

काही शाळा वरच्या वर्गासाठी छोटी चाचणी आणि पालकांशी बोलणं ठेवतात. तिथे इंग्रजी येत नाही म्हणून संकोच नको, मराठीत बोला. प्रवेशाच्या बदल्यात देणगी मागितली तर देऊ नका. महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने त्यावर बंदी आहे. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या.

पैशाची अडचण असेल तर दोन वाटा आहेत. आदिवासी मुलांसाठी आदिवासी विकास विभागाची नामांकित निवासी शाळांची योजना आहे. शाळा त्या यादीत असेल तर फीचा भार शासन उचलतं. तो अर्ज शाळेत नाही, आपल्या प्रकल्प कार्यालयात करायचा: धारणी, पांढरकवडा, देवरी, अहेरी, जे लागू असेल ते. दुसरी वाट एनएमएमएस, म्हणजे केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा. आठवीत या परीक्षेतून निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. पण विनाअनुदानित खासगी शाळेतल्या मुलाला ही परीक्षा देता येत नाही. म्हणून शाळा अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे पहिल्याच भेटीत विचारा आणि शाळेचा ११ अंकी यू-डायस नंबरही (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) तेव्हाच लिहून घ्या.