खुलासा: लांब शब्द आधी तोडला की काम झालं?

रत्नागिरी असो की सावंतवाडी, प्रोग्रामिंगच्या कॅम्पस मुलाखतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या वह्यांत एक युक्ती हमखास सापडते: सलग लिहिलेल्या स्ट्रिंगचे (अक्षरांच्या ओळीचे) शब्द पाडायचे तर दिलेल्या कोशातला लांबात लांब शब्द आधी उचला, मागे फिरावंच लागत नाही.

साफ चूक. कोशात खार, खारवी आणि वीज एवढेच शब्द घ्या आणि ‘खारवीज’ फोडून बघा. ‘खारवी’ उचललात की हातात नुसता ‘ज’ उरतो, आणि युक्ती म्हणते उत्तरच नाही. बॅकट्रॅकिंग, म्हणजे अडलं की मागे फिरून दुसरा पर्याय धरायची रीत, तो तुकडा सोडून मागे येतं, ‘खार’ धरतं, उरलेल्या ‘वीज’साठी तेच फंक्शन (फोड करणारा कोडचा तुकडा) पुन्हा बोलावतं आणि सुटतं. आखूड शब्द आधी घ्यावा म्हणाल, तर नुसत्या ‘खारवी’वरच अडकाल.

मग 20 अक्षरांच्या 5,24,288 फोडी तपासायच्या? छे! तुकडा कोशात नसला की ती फांदी, म्हणजे त्यापुढच्या सगळ्या फोडी, तिथेच छाटली जाते. तरी कोशात क आणि कक असताना ‘कककक…ख’ अशी खोडसाळ स्ट्रिंग दम काढते. तिथे कुठल्या जागेपासून पुढे जमलं नाही ते टिपून ठेवा. मग 20 अक्षरांत फार तर 210 तुकडे पाहावे लागतील. सगळ्या फोडी छापायच्या असतील, तर मात्र उत्तरंच ढीगभर असू शकतात. तिथे टिपणं वाचवत नाहीत.