सबप्रोग्राम (सीएनसी): फाइलींची मांडणी व शोध

सीएनसी यंत्रावर, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणाऱ्या यंत्रावर, तेच काम पुन्हापुन्हा करायचे असले, जसे सहा फिक्स्चरवर (जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनांवर) एकच पॉकेट (खोलगट खाच) किंवा प्लेटभर सारखी भोके, तर त्याचा कोड वेगळ्या फाइलीत ठेवून मेन प्रोग्राममधून बोलावतात. ही फाइल म्हणजे सबप्रोग्राम. लिहायला सोपा, घोळ होतो तो कंट्रोल, म्हणजे यंत्र चालवणारा संगणक, त्याला कुठे शोधतो हे ठाऊक नसल्याने.

फानुक या जपानी कंपनीच्या कंट्रोलवर परंपरेने नाव म्हणजे ओ हे अक्षर आणि चार आकडे. एम९८ पी१२३४ ने बोलवायचे, एम९९ ने परतायचे. पी१०१२३४ म्हणजे ओ१२३४ दहा वेळा. शेवटचे चार आकडे प्रोग्रामचे, म्हणून ओ००१२ पाच वेळा हवा तर शून्यांसकट पी५००१२ लिहावे लागते. घाईत पी५१२ लिहिले की कंट्रोल ओ०५१२ शोधतो. तो मेमरीत नसला तर जुन्या कंट्रोलवर ७८ नंबरचा अलार्म येऊन यंत्र थांबते, ते परवडले. असला, तर टूल गुपचूप भलतेच काम करू लागते.

जुन्या फानुकवर फोल्डर नव्हते. क्रमांकांची वाटणी हीच मांडणी. ओ९००० पासूनचे प्रोग्राम बहुधा यंत्र बनवणाऱ्याचे असतात, टूल बदलणे वगैरे. पॅरामीटर ३२०२ ने त्यांना कुलूप लावता येते.

पुढे फोल्डर आले आणि शोधाचा क्रम महत्त्वाचा झाला. सिनुमेरिक हा सीमेन्सचा कंट्रोल आधी चालू वर्कपीसच्या (कापायच्या वस्तूच्या, म्हणजे जॉबच्या) फोल्डरमध्ये पाहतो, मग सामायिक सबप्रोग्रामच्या, मग वापरकर्त्याच्या, उत्पादकाच्या आणि शेवटी सीमेन्सच्या प्रमाण सायकलींच्या (तयार सबप्रोग्रामच्या). लिनक्ससीएनसी या संगणकावर चालणाऱ्या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये फोल्डरांचे पत्ते आयएनआय या सेटिंगच्या फाइलीत ‘सबरुटीन पाथ’ म्हणून द्यावे लागतात. तिथे फाइलीचे आणि सबरुटीनचे (सबप्रोग्रामचे) नाव एकच हवे, आणि फाइलीचे नाव लहान इंग्रजी अक्षरांतले.

या क्रमात जी प्रत आधी सापडते तीच चालते. समजा, सामायिक फोल्डरमधल्या फाइलीत पॉकेटची खोली ५ वरून ४.८ मिमी केली, पण जॉबच्या फोल्डरमध्ये कधीतरी पेन ड्राइव्हवरून आलेली जुनी प्रत पडून आहे. यंत्र ५ मिमीच कापणार, आणि अलार्म येणार नाही, कारण कंट्रोलच्या दृष्टीने काहीच चुकलेले नाही. म्हणून जाणते प्रोग्रामर प्रत्येक सबप्रोग्रामच्या डोक्यावर कंसात तारीख टाकतात आणि पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एकेक ओळीला थांबत, चालवतात. सबमध्ये शिरताच पडद्यावर ती ओळ दिसते. कोणती प्रत चालू आहे ते टूल जॉबला लागण्याआधी कळते.