वस्तुनिवड, त्रिमितीय आभासी अवकाशातील

आभासी दृश्यातील अनेक वस्तूंमधून पुढील क्रियेसाठी नेमकी एक मुक्रर करण्याच्या पद्धती. आभासी हाताने स्पर्श करणे आणि हातातल्या नियंत्रकातून निघणारा किरण वस्तूवर टेकवणे, हे त्यांतले दोन मूळ प्रकार.

किरणपद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक ती रिचर्ड बोल्ट यांच्या अमेरिकेतील एमआयटी या तंत्रसंस्थेतील १९८० च्या प्रयोगापर्यंत मागे नेतात. तेथे मात्र भिंतीवरच्या सपाट पडद्यातील आकृतींकडे बोट दाखवून तोंडी आज्ञा देत. वस्तू जवळ की दूर, हा प्रश्नच नव्हता. त्रिमितीय किरणाचे श्रेय लियांग व ग्रीन यांच्या १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातील जेडीकॅड या आरेखन प्रणालीला देणे अधिक सयुक्तिक दिसते.

किरणाची अडचण कोनाची आहे. मनगट १ अंशाने हलले तर ५ मी. अंतरावर किरणाचे टोक सुमारे ९ सेंमी. सरकते. शिवाय बटण दाबतानाच हात हलतो आणि नेम चुकतो. म्हणून दाबण्याच्या किंचित आधीची दिशा ग्राह्य धरतात. जेडीकॅडमध्येही पुढे साध्या किरणाऐवजी शंकू वापरून त्याच्या अक्षाला जवळची वस्तू निवडली जाई. गर्दीत मात्र शंकूत अनेक वस्तू सापडतात. तेव्हा त्यांची चार गटांत विभागणी करून पुन्हापुन्हा एक गट निवडतात: ६४ वस्तूंतून एक ३ टप्प्यांत मिळते. वस्तू मूळ जागेवरून उचलून गटांत मांडल्यामुळे दिसायला सारख्या वस्तू ओळखू येत नाहीत, हा या विभागणीचा दोष.

आभासी हात जवळच्या कामाला उत्तम, पण तो पोचतो हातभरच. पुपिरेव्ह व सहकाऱ्यांच्या १९९६ मधील 'गो-गो' पद्धतीत हाताच्या लांबीच्या दोन-तृतीयांशापर्यंत तो खऱ्या हाताइतकाच सरकतो. त्यापुढे जादा अंतराच्या वर्गाला गुणकाने गुणून ती भर घालतात. मर्यादा ४५ सेंमी. व गुणक १/६ धरल्यास खरा हात छातीपासून ६९ सेंमी. वर असताना आभासी हात १६५ सेंमी. वर असतो. त्या टप्प्यावर १ मिमी. ची थरथर सुमारे ९ मिमी. होते.

नजरेने निवड करताना पाहिलेली प्रत्येक वस्तू निवडली जाण्याचा धोका असतो. त्यामुळे २०२४ मध्ये विक्रीस आलेल्या ॲपल व्हिजन प्रो या डोक्यावर घालायच्या उपकरणात नजर फक्त रोख ठरवते. निवड पक्की होते ती बोटांच्या चिमटीने.