‘त्तोम’ कुठं बसवायचा?

‘तोम याम’ या थाई सूपचं नाव कोरियन लिपीत लिहायचं तर पहिलंच अक्षर लागतं ‘त्तोम’. १९८७ साली दक्षिण कोरियानं संगणकासाठी अक्षरांची प्रमाण यादी ठरवली. तीत हंगुल लिपीची २,३५० अक्षरं होती, ‘त्तोम’ नव्हतं.

हंगुलचं एकेक अक्षर म्हणजे एक चौकोन. आधी व्यंजन, त्याच्या शेजारी किंवा खाली स्वर, आणि हवं तर तळाशी आणखी एक व्यंजन. ‘त्तोम’मध्ये त्त, ओ आणि म एकाखाली एक बसतात. सुरुवातीची व्यंजनं १९, स्वर २१, तळाशी २७ पर्याय किंवा मोकळी जागा, म्हणजे २८. गुणाकार केला की ११,१७२ चौकोन होतात. ते सगळे युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठी संगणकावर वापरल्या जाणाऱ्या सामाईक यादीत, सलग बसले १९९६ साली. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटलेली ज्यानं पाहिलीत, त्या मराठी डीटीपीवाल्याला ही डोकेदुखी वेगळी सांगायला नको.

अक्षरं मार्गी लागली, पण पुस्तकाचं काय? ई-पुस्तकांच्या सुरुवातीच्या काळात ज्याचं वाचनाचं सॉफ्टवेअर त्याचा फॉरमॅट, असा कारभार होता. त्यावर उपाय म्हणून कोरियात एक्सएमएलवर, म्हणजे मजकुराच्या भागांना खुणा लावायच्या पद्धतीवर, आधारलेलं ‘ईबीकेएस’ हे प्रमाण आलं. एक्सएमएलच्या खुणा ‘हे ठळक छापा’ असं सांगत नाहीत. ‘हे प्रकरणाचं शीर्षक’, ‘ही तळटीप’ एवढंच सांगतात. ते दिसेल कसं, हे नंतर आणि वेगळं ठरतं. छापखान्यात वाढलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. त्याचा सगळा हिशेब पानाचा, आणि इथं तर फाँट मोठा केला की पानच बदलतं.

ओळ कुठं तोडायची, हाही प्रश्न आहेच. कोरियन शब्दांमध्ये आपल्यासारखीच मोकळी जागा असते, पण छापील पुस्तकात ओळ संपली की शब्द कुठल्याही चौकोनापाशी तुटतो, जोडरेघही लागत नाही. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर असे तुकडे फार होतात. शब्द अखंड ठेवायचा की नाही, हे ई-पुस्तकात शैलीच्या फाइलमधली एक ओळ ठरवते.

पुढं जगाबरोबर कोरियाही ‘ईपब’ या ई-पुस्तकांच्या सामाईक फॉरमॅटकडं वळला. ईपब ही खरं तर झिप फाइल. उघडून पाहा: आत वेबपानांसारखी प्रकरणं, चित्रं, अनुक्रमणिका, आणि सगळ्यात आधी ‘माइमटाइप’ नावाची वीस अक्षरांची फाइल, ‘मी ईपब आहे’ एवढंच सांगणारी. २०११ साली आलेली ईपबची तिसरी आवृत्ती कोरियानंच आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थांपुढं मांडली. २०१४ मध्ये ती ‘आयएसओ/आयईसी ३०१३५’ या क्रमांकानं प्रसिद्ध झाली.

तरी सोलमधल्या वाचकानं एका दुकानातून घेतलेलं पुस्तक दुसऱ्या दुकानाच्या अ‍ॅपमध्ये सहसा उघडत नाही. आतली फाइल ईपबच असते, पण तिला लावलेलं कुलूप ज्याच्या त्याच्या दुकानाचं.