कर्णबधिर व्यक्तींचे मौखिक आरोग्य

श्रवणदोष असलेल्या व्यक्तींचे दात, हिरड्या व मुख यांची स्थिती आणि त्यांवरील उपचारांतील अडचणी हा बालदंतवैद्यक व सामाजिक दंतवैद्यक यांच्या अभ्यासाचा विषय आहे. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबेल श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती कर्णबधिर मानली जाते.

श्रवणदोष आणि दंतवल्काचे (दाताच्या कठीण बाह्य थराचे) दोष काहींमध्ये एकत्र आढळतात. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जोनाथन हचिन्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मजात उपदंशाची (सिफिलिस या गुप्तरोगाची) तीन लक्षणे एकत्र नोंदली : पटाशीच्या दातांच्या कडेला खाच, स्वच्छमंडलाचा (डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याचा) दाह आणि बहिरेपणा. ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये गरोदरपणातील रुबेलाचा (जर्मन गोवराचा) संबंध अर्भकाच्या मोतीबिंदूशी जोडला. लवकरच बहिरेपणाची आणि पुढे दंतदोषांचीही त्यात भर पडली. यांपैकी दंतदोषांबाबत मतभेद आहेत. रुबेलामुळे कानाला इजा होते ती मुख्यतः गरोदरपणाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांतील संसर्गाने, तर दुधाच्या दातांचे दंतवल्क कठीण होऊ लागते ते साधारण चौथ्या महिन्यापासून; म्हणजे दोन्ही काळ नीट जुळत नाहीत. विषाणू जन्मानंतरही काही महिने बालकाच्या शरीरात टिकतो, हा त्यावरील खुलासा ग्राह्य वाटतो. मात्र अशी बालके बहुधा कमी वजनाची असतात, आणि तेवढ्यानेही दंतवल्क बिघडू शकते. अकाली जन्म व नवजाताची तीव्र कावीळ यांनी कान आणि दात दोन्ही दुखावतात, याविषयी फारसे दुमत नाही. दुधाच्या दातात सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी जन्मरेषा जन्मापूर्वीचे व नंतरचे दंतवल्क वेगळे दाखवते. तिच्या आधाराने आघाताचा काळ अजमावता येतो. हाइमलर लक्षणसमूह (१९९१) आनुवंशिक व विरळा असून त्यात बहिरेपणासोबत प्रामुख्याने कायमच्या दातांचे दंतवल्क सदोष असते. त्यामागील पेक्स-१ व पेक्स-६ ही जनुके २०१५ मध्ये उघड झाली.

एरवी बहिरेपणामुळे दात किडत नाहीत. विशेष शाळांमधील अनेक पाहण्यांत दंतक्षय व हिरड्यांचा दाह जास्त आढळला असला, तरी निष्कर्ष सर्वत्र सारखे नाहीत. घासण्याची पद्धत, गोड खाण्याच्या वेळा, दुखण्याची पहिली चाहूल या गोष्टी घरात बोलता बोलता मुलांपर्यंत पोचतात. घरच्यांना खाणाखुणांची भाषा येत नसेल, तर नेमके हेच शिक्षण राहून जाते.

दवाखान्यात मुखपट्टीमुळे ओठ झाकले जातात, खुर्ची मागे कलली की दुभाषी नजरेआड होतो, आणि डॉक्टर मुलाला सोडून आईशी बोलू लागतात. ही शेवटची सवय सर्वांत हानिकारक आहे. बोलणे दिवा बाजूला करून, मुखपट्टी उतरवून, समोरून व्हावे. थांबण्यासाठी हात वर करण्याची खूण आधीच ठरवावी. दात कोरण्याच्या यंत्राचे कंपन प्रथम नखावर दाखवावे. श्रवणयंत्राजवळ हात गेल्यास ते शिटी वाजवते, म्हणून समजावून झाल्यावर ते बंद करू द्यावे. कॉक्लिअर इंप्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेले श्रवणसाधन) असल्यास डोके व मानेच्या भागात ऊती विजेने जाळण्याचे एकध्रुवी विद्युत्‌दहन वर्ज्य असते.

वृद्धापकाळी ऐकू कमी येऊ लागलेल्यांविषयीचा अभ्यास त्रोटक आहे.