रंग पुसला म्हणजे कृष्णधवल होत नाही

कुत्र्याचा रंगीत फोटो तुम्हाला चांगला काढता येतो, असं धरून चालतो. त्याच्या उंचीला बसायचं, फोकस डोळ्यावर, कान चौकटीत. कृष्णधवलमध्येही हे तसंच. लोक घसरतात ते एकाच जागी: रंगातला फरक आणि उजेडातला फरक यांची गल्लत.

गोव्यातला पावसाळा डोळ्यांसमोर आणा. हिरवंगार गवत, त्यात बसलेला तांबूस गावठी कुत्रा. रंगीत फोटोत तो झटकन उठून दिसतो. पण त्याच्या केसांवरून आणि गवतावरून परतणारा उजेड साधारण सारखाच असला, तर रंग पुसताच दोन्ही एकाच करड्यात मिसळतात. उरतात दोन डोळे आणि एक नाक. मग मंडळी कॉन्ट्रास्ट वाढवत बसतात. अहो, जो फरक मुळात नाहीच, तो वाढवणार कुठून?

गवताच्या बाबतीत निदान सुटका आहे. फिल्मच्या काळात लेन्सवर लाल किंवा नारिंगी फिल्टर चढवत; त्याने तांबडं उजळतं, हिरवं काळवंडतं. आज रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर तेच काम घरी बसून होतं: कृष्णधवल करताना सॉफ्टवेअरमधले लाल-नारिंगीचे स्लायडर वर न्यायचे, हिरवा-पिवळा खाली. (पिवळा विसरू नका, गवतात तो वाटतो त्याहून बराच असतो.) कुत्रा गवतातून बाहेर येतो.

आता तोच कुत्रा सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर उभा करा, किंवा चिऱ्यांच्या कुंपणासमोर. जांभा तांबूस, कुत्राही तांबूस. नारिंगी वर नेलात तर दोघेही उजळतात, खाली आणलात तर दोघेही काळवंडतात. इथे सॉफ्टवेअर हात टेकतं, आणि ‘नंतर बघू’ म्हणणारे इथेच फसतात. इलाज एकच, फोटो काढतानाच जागा बदलायची. चार पावलं सरकलं की मागे चुन्याची पांढरी भिंत येते, नाहीतर उघड्या दाराआडचा काळोख. मला काळोख जास्त आवडतो. जुन्या घराच्या बाल्कांवाच्या (दारापुढच्या ओसरीच्या) पायरीवर, उजेडाच्या कडेला बसलेला कुत्रा आणि मागे अंधारं घर; याहून सोपी चौकट मला माहीत नाही.

हे जागेवरच ओळखायचं तर कॅमेरा मोनोक्रोमवर ठेवा आणि फाइल रॉ. पडद्यावर करडं दिसतं, फाइलीत रंग शाबूत राहतात. नुसतं जेपेग ठेवलंत तर रंग कायमचे गेले.

एक्स्पोजरचं थोडक्यात: कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला सगळं जग मधल्या करड्या रंगाचं वाटतं. चौकटभर काळा लॅब्रॅडॉर असेल तर तो राखाडी येतो, म्हणून एक्स्पोजर कमी करा. पांढऱ्या कुत्र्याला वाढवा. काळ्याला सपाट उजेड नको, बाजूचा हवा, म्हणजे केसांवर चमक धरते.

माडाखालचे कवडसे मात्र टाळा. रंगीत फोटोत ते गोड दिसतात, कृष्णधवलमध्ये कुत्र्याला कोड फुटल्यासारखं वाटतं. ढगाळ दिवस किंवा अख्खी सावली बघा.

आणि सगळं करडं करून गळ्यातला पट्टा तेवढा लाल ठेवणाऱ्यांशी मी वाद घालायचं सोडून दिलंय.